काट्यावरचा पहिला माणूस

“परत दाबा,” खिडकीच्या गजांत नाक खुपसून खडीवाला म्हणाला.

“दाबलं.”

“जोरात दाबा की.”

“अहो, बटण आहे ते, लिंबू नाही. जोर लावला म्हणून जास्त काही निघणार नाही.”

त्याच्यामागे त्याचा खडीने भरलेला ट्रक उभा होता. त्याच्यामागे विटांचा, त्याच्यामागे भंगाराचा. त्यामागचे मला केबिनमधून दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. हॉर्न वाजवून कॉम्प्युटर सुरू होत असता तर आमचा केव्हाच झाला असता.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत तीच ती ओळ लुकलुकत होती. ओळ इंग्रजीत होती, पण इतक्या वर्षांत या पेटाऱ्याचं तेवढं इंग्रजी मला यायला लागलं आहे. कीबोर्डमध्ये बिघाड आहे, पुढे जायचं असेल तर कीबोर्डवरचं अमुक बटण दाबा. म्हणजे कीबोर्ड चालत नाही असं सांगायचं आणि वर मलाच कीबोर्ड दाबायला लावायचं. इतका कोडगेपणा मी आजवर फक्त नातेवाइकांत पाहिला होता. तरी मी ते बटण दाबतच होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मी वजनकाट्यावर नोकरी करते. दुकानातला काटा नव्हे, अख्खा ट्रक तोलायचा काटा. जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पत्रा असतो, त्यावर ट्रक चढतो आणि शेजारच्या केबिनमध्ये माझ्या टेबलावरच्या डब्यात लाल आकडे उमटतात. ते तारेतून कॉम्प्युटरमध्ये जातात, प्रिंटर करकर करत पावती छापतो आणि मी ती फाडून खिडकीतून बाहेर देते. यात कॉम्प्युटर सगळ्यांत जुना. तो मुळात पांढरा होता असं सांगितलं तर आता कोणाला खरं वाटणार नाही. रोज सकाळी त्याला तारीख मी सांगायची, कारण त्याची स्वतःची तारीख कुठेतरी मागेच राहिलेली असते. पण एकदा सुरू झाला की संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. ती सगळी कुरकुर खिडकीबाहेरून येते.

“लाल डबा तर चालू दिसतोय,” खडीवाला मान तिरकी करून म्हणाला. डब्याचं तोंड माझ्याकडे असतं. बाहेरच्याला आकडा बघायचा तर खिडकीला चिकटून मान वाकडी करावी लागते. “गाडी चढवतो, आकडा हाताने लिहून द्या आणि सोडा मला.”

“हातची पावती चालत नाही.”

“कोण म्हणतं?”

“मास्तर म्हणतात.”

“ते घरी बसले की आता!”

“बसले असतील. नियम नाही बसला.”

मास्तर म्हणजे या खुर्चीवर माझ्याआधी बसणारे. ते शाळेत कधी शिकवायला नव्हते. ड्रायव्हर लोकांनीच त्यांना ते नाव दिलं, कारण पावती देताना ते प्रत्येकाला गृहपाठ तपासल्यासारखे बघायचे. मी लग्नानंतर इथे पावत्या फाडायला लागले ती त्यांच्या हाताखाली. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच शिकवलं होतं. “आकडा वाचायचा आणि तोच सांगायचा. माणूस ओळखीचा आहे, गरीब आहे, उद्धट आहे, ते आपल्या डब्यात दिसत नाही. जे दिसत नाही ते बोलायचं नाही.” हातची पावती त्यांनीच बंद केली. हात ओळखीच्या माणसासमोर नरम पडतो, म्हणायचे. त्यामुळेच आमच्या काट्याची पावती दाखवली की पुढे कोणी ट्रक पुन्हा तोलत नाही. मास्तरांची एवढीच काय ती कमाई, आणि ती त्यांनी जाताना माझ्या पदरात टाकली.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे पहिला माणूस. सकाळी पहिला ट्रक चढायच्या आधी एका माणसाने काट्यावर उभं राहायचं. काटा शून्यावर नीट येतो का आणि उगाच अडकून बसलेला नाही ना, हे त्यावरून कळतं. मास्तर स्वतः जाऊन पत्र्याच्या मधोमध उभे राहायचे, तिथून ओरडायचे, “किती?” मी खिडकीतून ओरडायची, “ऐंशी!” आमचा काटा दहादहा किलोंनीच बोलतो, अधलंमधलं त्याला कळत नाही. मास्तर कायम ऐंशी. मग ते म्हणायचे, “ठीक आहे. पाठव पहिली गाडी.” त्या वजनाची पावती मी छापायची आणि टेबलाच्या वरच्या खिळ्याला अडकवायची. ते घरी बसल्यापासून केबिनमध्ये मी एकटी, म्हणून पहिल्या ट्रकचा ड्रायव्हरच उभा करते. तो बहुतेक वेळा हा खडीवालाच असतो. काटा त्याला शंभर दाखवतो आणि तो रोज सकाळी माझ्याशी भांडतो की मी नव्वदचा आहे. स्वतःच्या वजनावर ज्याचा विश्वास नाही तो खडीच्या वजनावर काय ठेवणार! पावती हातात पडली की तो ती वाचतो, मग उजेडाला धरून वाचतो, मग ट्रकमध्ये बसून पुन्हा एकदा वाचतो आणि तोवर मागचे सगळे खोळंबून राहतात.

टेबलावरचा फोन वाजला. आमचे मालक फोनवर नमस्कार वगैरे करत नाहीत, एकदम मधल्या वाक्यापासून सुरू करतात.

“...अजून बंदच? मला भंगारवाल्याचा फोन आला!”

“बघतेय मी. कीबोर्डचं काहीतरी आहे. दुरुस्तीवाल्याला बोलावलंय.”

“काल चांगलं चालत होतं ना? काल संध्याकाळी काय केलंत?”

“काल तुम्हीच सांगितलंत तेच केलं. पलीकडच्या गोदामात चोरी झाली म्हणून जेवढी कुलपं असतील तेवढी सगळी लावून जा, म्हणालात. लावली. केबिन, कपाट, खण, खिडकी. जुडग्यातली एक किल्ली सोडली नाही.”

“कुलपांचं कोण विचारतंय! हे बघा बाई, दुपारपर्यंत ते खोकं चालू झालं तर ठीक. नाहीतर मी त्या नव्या काट्यावाल्यांना आजच हो म्हणून कळवतो. त्यांच्यात केबिन नको, माणूस नको. बाहेर खांबावर हातभर मोठ्या आकड्यांत वजन दिसतं, सगळ्या रस्त्याने बघावं. ड्रायव्हर बटण दाबतो, पावती घेतो, जातो.”

“आणि मी?”

“तुमचं बघू.”

‘तुमचं बघू’ म्हणजे काय, हे कळायला मला कॉम्प्युटर लागत नाही. घरात कमावणारी मी एकटी. नवऱ्याची कंबर धरल्यापासून तो खुर्चीत बसून मला सल्ले देतो. आणि मला येतं काय, तर लाल आकडा वाचून मोठ्याने सांगता येतो. माझ्या वयाच्या बाईला एवढ्या हुशारीवर दुसरीकडे कोण बसवून घेणार? मी पुन्हा बटण दाबलं. जोरातच दाबलं.

दुरुस्तीवाला आला तोच हसत. दारातून त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं आणि प्रदर्शनात यावं तसा सावकाश आत आला.

“काकू, हे अजून चालतं?”

“चालत असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का? आणि काकू कोणाला म्हणता?” त्याच्या डोक्यावर माझ्या नवऱ्यापेक्षा कमी केस होते.

त्याने कीबोर्डची वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. तीच ओळ. मग पिशवीतून स्वतःचा नवा कीबोर्ड काढला, तर त्याच्या वायरीचं टोक चपटं आणि आमच्या पेटाऱ्याचं भोक गोल आणि जाडं. “याला जोड लागेल,” असं म्हणून तो दुकानात गेला. तो परत येईपर्यंत विटांच्या ड्रायव्हरने येऊन माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. जोड लावला, नवा कीबोर्ड लावला. तीच ओळ.

“मग आतच काहीतरी आहे,” तो म्हणाला आणि त्याने स्क्रू काढायला घेतले.

आत धुळीची गोधडी पसरली होती. त्याने ब्रशने ती झटकली, ती सगळी माझ्या डब्यावर बसली. मग त्याने मेमरीच्या पट्ट्या उपटल्या आणि त्यांची टोकं शाळेतल्या खोडरबराने घासली. ऑपरेशन चालू असताना डॉक्टरला बोलू नये. पट्ट्या बसवून त्याने बटण दाबलं. पडदा काळा आणि आतून बीप, बीप, बीप. इतका वेळ निदान बोलत तरी होतं, आता नुसतं कण्हायला लागलं.

“हे तुम्ही केलंत,” मी म्हणाले.

“अहो, पट्टी नीट बसली नसेल. थांबा जरा.”

“मी थांबीन हो. बाहेरचे थांबतील का?”

त्याने पट्ट्या दाबून बसवल्या. पडदा उजळला आणि ती हिरवी ओळ परत आली. सकाळपासून जिला शिव्या घातल्या तिला बघून मला हायसं वाटलं, यावरून माझी अवस्था समजावी. दुरुस्तीवाल्याने मात्र हात झटकले.

“मदरबोर्ड गेला. याचे पार्ट आता मिळत नाहीत. मिळाले तरी मी नाही बसवणार, एक बसवला की दुसरं जातं. याला आधी कोण बघायचं?”

“मास्तर.”

“मग त्यांनाच विचारा.”

हे मला सकाळीच सुचलं होतं आणि मी ते मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. मास्तर आजारी होते. दर खेपेला फोनवर त्यांची लेक म्हणायची, “बरे आहेत,” आणि ते ज्या स्वरात म्हणायची त्यावरून पुढे विचारायचा धीर व्हायचा नाही. भेटायला जायचं महिनोन् महिने पुढे ढकलत होते. पण घड्याळाचा काटा वर सरकत होता आणि मालक शब्दाचे पक्के, विशेषतः असल्या शब्दाचे. मी फोन लावला. लेकीनेच उचलला. मी थोडक्यात सांगितलं.

“मावशी, डॉक्टरांनी त्यांना जिना उतरायचा नाही म्हणून सांगितलंय,” ती वैतागून म्हणाली. “त्या डबड्यासाठी मी त्यांना उन्हात आणू?”

“अगं, आणू नकोस. नुसतं विचार त्यांना, काय करून बघू ते.”

तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला. “काटा बंद आहे? माझी चप्पल कुठेय?”

“बघा! आता बसणार आहेत का ते?” असं म्हणून तिने फोन आपटला.

थोड्या वेळाने तिची स्कूटर ट्रकांच्या रांगेच्या कडेकडेने आली. मागे मास्तर बसले होते. मी दारात गेले आणि तिथेच थबकले. मला आधी वाटलं की तिने दुसऱ्याच कोणाला तरी आणलं. तोच चौकड्यांचा शर्ट होता, पण आत माणूस शोधावा लागत होता. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. एका हातात काठी, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर. मला रडूच आलं असतं, पण खडीवाला बघत होता. त्याच्यासमोर मी आजवर फक्त भांडले आहे, ती सवय मोडायची नव्हती.

“बघतेस काय?” मास्तर म्हणाले. आवाज तेवढा त्यांचाच होता. “रांग कुठवर गेलीये बघ. लाज वाटते का?”

“वाटते,” मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले. दुरुस्तीवाल्याने सरकून जागा दिली. मास्तरांनी बटण बंद केलं, थोडं थांबले. “याला मध्ये दम खाऊ द्यायचा असतो.” मग डाव्या बाजूला खालच्या अंगाला दोन चापट्या मारल्या, त्यांच्या नेहमीच्या जागी. बटण चालू. हिरवी ओळ. वायर काढून शर्टाच्या टोकाने पुसली, लावली. हिरवी ओळ.

“दमट हवेने होतं असं,” ते म्हणाले.

बाहेर नुसतं रखरखीत ऊन होतं. त्यांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा चापट्या मारल्या. या वेळच्या चापट्यांचा आवाजच आला नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला नाही समजत, अगं. आधी समजायचं.”

त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मला स्वतःचाच संताप आला. काय मिळवलं मी त्यांना बोलावून? नोकरी माझी जायची ती जाणारच होती, वर त्यांना चारचौघांत हे म्हणायला लावलं.

“झालं समाधान?” लेक माझ्याकडे बघून म्हणाली. “चला बाबा. काठी कुठेय?”

काठी घसरून टेबलाखाली गेली होती. ती उचलायला ती खाली वाकली आणि तशीच वाकून राहिली.

“मावशी, ही खाच आडवी कशी?”

“कसली खाच?”

“ही, पुढची. उभी असायची ना? लहानपणी मी ही फिरवली होती. किल्ली बुटात लपवून घरी गेले होते.”

मास्तर सावकाश वळले. कॉम्प्युटरच्या पुढच्या अंगाला, बटणाच्या बाजूला एक बारीक गोल भोक आहे. त्याला किल्ली लागते. जुन्या काळी कॉम्प्युटरला कुलूप असायचं. ते फिरवलं की कॉम्प्युटर चालू होतो, पण कीबोर्ड काही घेत नाही. ते कुलूप शेवटचं कधी लावलं होतं ते मास्तरांनाही आठवत नसेल. मी तर भोक आहे हेच विसरले होते. पण किल्ली विसरले नव्हते. ती माझ्या कमरेच्या जुडग्यात होती, सगळ्यांत छोटी, गोल तोंडाची. काल संध्याकाळी मालकांचं ऐकून मी तावातावाने एकेक किल्ली घेऊन तिचं भोक शोधत होते, तेव्हा हिचंही लागलं होतं, कशाचं ते न बघताच. फिरवली होती. सकाळी बाकीची सगळी कुलपं उघडली आणि हे राहिलं.

मी जुडगा काढला. किल्ली घातली, फिरवली. खाच उभी झाली. कीबोर्डवर तेच बटण दाबलं, अगदी हळू. टक् असा आवाज आला, हिरवी ओळ गेली, आतलं चाक घरघरलं आणि पडद्यावर तारीख विचारणारी चौकट आली.

मग खिडकीतून खडीवाला म्हणाला, “म्हणजे सकाळपासून आमची रांग इथे आणि किल्ली तुमच्या कमरेला?”

“सगळी कुलपं लावा म्हणून मालकांनीच सांगितलं होतं,” मी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

“कॉम्प्युटरला कुलूप?” दुरुस्तीवाला खाली बसून ते भोक बघायला लागला. “पट्ट्या काय घासतोय मी!”

मास्तर हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले. “हिने लपवली होती ना किल्ली, तेव्हा मी हिला हाताला धरून रांगेतल्या एकेका ड्रायव्हरसमोर उभी केली होती. प्रत्येकाला सॉरी म्हणायला लावलं. आता तू जा,” ते मला म्हणाले. “विटावाल्यापासून सुरू कर.”

लेकही हसली. सकाळपासून पहिल्यांदा त्या केबिनमध्ये श्वास घ्यायला जागा झाली. मी आधी मालकांना फोन लावला. उशीर झाला म्हणून त्यांनी काही करून ठेवू नये एवढंच मनात होतं.

“सुरू झालं,” मी म्हणाले.

“बरं झालं. पण मी त्यांना हो सांगून टाकलं. म्हटलं, दुपारची वाट कशाला बघायची. पुढच्या महिन्यात माणसं येतील बसवायला. तोवर चालवा तुम्ही.”

आमच्या फोनचा आवाज मोठा आहे. ट्रकांच्या गडबडीत ऐकू यावं म्हणून मास्तरांनीच तो तसा करून घेतला होता. त्यामुळे सगळ्यांनी सगळं ऐकलं. दुरुस्तीवाला स्क्रू पिळायला लागला. लेकीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला. मला इतका राग आला की फोन कुठे आपटू ते कळेना. मोडीत काढायचं ठरलेल्या मशीनसाठी मी सकाळपासून शिव्या खाल्ल्या, एका आजारी माणसाला जिना उतरायला लावलं आणि हे गृहस्थ तिकडे बसून ‘वाट कशाला बघायची’!

“नवा कसा आहे?” मास्तरांनी विचारलं.

“आकडा बाहेर दिसतो म्हणे. खांबावर. मोठा. सगळ्यांना.”

त्यांनी मान हलवली. “ते बरं आहे. लोकांना दिसायलाच पाहिजे. मी मागच्या मालकांकडे मागत होतो तो आकडा, नाही दिला.” मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात. आज रांग लागलीये ना? तारीख टाक.”

मी तारीख टाकली. प्रिंटरला कागद लावला. खडीवाला सवयीने खिडकी सोडून काट्याकडे निघाला, पहिला माणूस व्हायला.

“तू कुठे चाललास?” मास्तर म्हणाले. “मी असताना?”

“बाबा, नको,” लेक म्हणाली.

ते उठले होते. दारातून उतरताना तिने त्यांना धरलं, काट्यापर्यंत नेलं. पत्रा बाजूने जमिनीपासून वीतभर उंच आहे. तेवढं चढायला त्यांना वेळ लागला. ती त्यांच्याबरोबर वर चढायला गेली तर त्यांनी तिला मागे सारलं.

“एका वेळी एकच माणूस.” मग हातातली काठीही तिच्याकडे दिली. “हिचं वजन नको.”

त्या काठीने आमच्या काट्याला काहीही कळलं नसतं. पण नियम तो नियम. ते एकटेच एकेक पाऊल टाकत पत्र्याच्या मधोमध गेले. जिथे रोज ट्रक चढतात तिथे एवढासा माणूस, चौकड्यांचा शर्ट वाऱ्याने फुगलेला. रांगेतला कोणीच हॉर्न वाजवत नव्हता. खडीवाला परत खिडकीशी आला होता, गज धरून, मान तिरकी करून.

डब्यातले लाल आकडे हलले. पन्नास. क्षणभर चाळीस झाले, परत पन्नास झाले आणि तिथेच थांबले. मी डब्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. पन्नासच.

“किती?” मास्तर तिथून ओरडले.

त्यांनी मला शिकवलेलं सगळं मला त्या वेळी आठवत होतं. आकडा वाचायचा आणि तोच सांगायचा. मी तो वाचला.

“ऐंशी!” मी खिडकीतून ओरडले.

खडीवाल्याने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दहा किलोंसाठी रोज सकाळी माझं डोकं खाणारा माणूस. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. तो पायांकडे बघत उभा राहिला.

काट्यावर मास्तर जरा ताठ झाले. त्यांनी शर्ट खाली ओढून सारखा केला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “पाठव पहिली गाडी.”

ते उतरले, लेकीने त्यांच्या हातात काठी दिली. मी पहिल्या माणसाची पावती छापली. प्रिंटर काही माझं ऐकत नाही, त्याने जे होतं तेच छापलं. ती पावती मी खिळ्याला अडकवली, छापलेली बाजू भिंतीकडे करून.

खडीवाल्याने ट्रक चढवला. मी वजन घेतलं, पावती फाडली, गजांतून पुढे केली. त्याने ती घेतली, न वाचता घडी घातली, खिशात टाकली आणि गाडी पुढे काढली.